१० नंबरची गोटी

टण्. मग जरा थांबून टुक. आणि मग काहीच नाही.

त्यातलं शेवटचं सगळ्यात वाईट. हातातून निसटलेलं लोखंड इंजिनाच्या फटींतून गडगडत खाली पार्किंगच्या फरशीवर आपटलं की खणकन आवाज होतो आणि जिवात जीव येतो. मग फक्त गुडघे टेकायचे, चाकामागे हात घालायचा आणि उचलायचं. इथे फरशी वाजलीच नाही. म्हणजे ती वाटेतच कुठेतरी बसली होती. गाडीच्या पोटात, अंधारात.

ती म्हणजे १० नंबरची गोटी.

छापील कॅटलॉगात तिला सॉकेट म्हणतात, गॅरेजात मात्र गोटीच. एका तोंडाला खोबण असते, ती बोल्टच्या डोक्यावर बसते. दुसऱ्या तोंडाला चौकोनी भोक, त्यात रॅचेटचं, म्हणजे गोटी फिरवायच्या दांड्याचं, टोक अडकतं. आकार अंगठ्याच्या पेराएवढा. मी खालून लेकीला फोन केला, "टॉर्च घेऊन ये, गोटी हरवलीय." ती आठवीत आहे. म्हणाली, "बाबा, तू अजून गोट्या खेळतोस?" प्रश्न खोचक होता, पण अगदीच चुकीचा नव्हता. रविवारी सकाळी ग्रीसने माखलेला बनियन घालून बॉनेटखाली डोकं खुपसून उभा असलेला पन्नाशीचा माणूस दुसरं काय करत असतो?

ज्यांनी कधी घरी गाडी उघडली आहे ते 'दहा नंबर' एवढं ऐकूनच हसले असतील. जगभरच्या हौशी मेकॅनिकांचा हा एक सामायिक विनोद आहे, की हरवते ती नेहमी १० नंबरचीच. मला त्यात गूढ वाटत नाही. गाडीत जे हलकंफुलकं आहे ते सगळं बहुधा सहा मिलिमीटरच्या बोल्टांनी धरलेलं असतं आणि त्या बोल्टचं डोकं असतं १० मिलिमीटरचं. फिल्टरचा डबा, इग्निशनच्या कॉइल, बॅटरीची टर्मिनलं, अर्थिंगच्या वायरी, प्लास्टिकची झाकणं, सगळीकडे १०. दिवसभर हातात तीच असते, मग पडणारही तीच. घरात चहाचाच कप सगळ्यात जास्त फुटतो, शोकेसमधला फ्लॉवरपॉट फुटत नाही, तसलाच हा प्रकार.

आमची गाडी वॅगनआर, २०१२ सालची. तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. त्या रविवारी प्लग आणि एअर फिल्टर बदलायचा बेत होता. इंजिनाच्या डोक्यावर फिल्टरचा काळा डबा बसलेला असतो. तो काढला की खाली तीन कॉइल, प्रत्येकीला एक बोल्ट, आणि कॉइल उपसली की खोल विहिरीच्या तळाशी असावा तसा प्लग. काम अर्ध्या तासाचं. मी दोन तास घेतो. घरी केल्याने पैसे वाचतात असं मी बायकोला सांगतो. ती मानेने हो म्हणते आणि मी गेल्या दोन वर्षांत हत्यारांवर किती खर्च केला ते बोलून दाखवत नाही.

खरं कारण वेगळं आहे. बॉनेट उघडलं की नाना खाली येतात.

नाना, म्हणजे माझे वडील, आता ७९ वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत. देवळात नेतो म्हटलं तर नको, बागेत नको, लग्नकार्याला तर मुळीच नको. पण मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत लिफ्टचं दार वाजतं आणि नाना प्लास्टिकची खुर्ची ओढत येतात. गाडीपासून आठ-दहा फुटांवर बसतात. हात लावत नाहीत, फक्त बघतात. मी काही चुकीचं करायला लागलो की खाकरतात.

नानांनी ३४ वर्षं नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, डिझेल इंजिनांची नोझल बनवणाऱ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. नोझलमधली सुई आणि ती ज्यात सरकते ते घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे केसाला उभं चिरून पंचवीस-तीस फाका केल्या तर त्यातली एखादी त्या फटीत मावेल. आयुष्यभर असल्या फटींत वावरलेल्या माणसासमोर मी एक अख्खी गोटी घालवली होती.

आणि गोटी माझी नव्हती, त्यांची होती. १९८७ च्या दिवाळी बोनसमधून घेतलेला गोटी सेट, हिरवी पत्र्याची पेटी. पेटीत प्रत्येक गोटीला तिचा तिचा खळगा आहे. १० नंबरवरचा मुलामा घासून घासून गेलेला, आतलं करडं पोलाद दिसतं. शेजारची १३ नंबरची मात्र आरशासारखी. घरात मारुती आल्यापासून तिला कुणी बाहेरच काढलेलं नाही. त्या पेटीत पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर टपारियाचे. ते आमच्या सातपूरलाच बनतात याचा नानांना अजून, का कोण जाणे, वैयक्तिक अभिमान आहे.

गोटी पडली त्याचं कारणही सांगून टाकतो, नाहीतर माझा हातच धड नाही असं वाटायचं. रॅचेटच्या चौकोनी टोकाच्या एका अंगाला बारीक छर्रा असतो, आतून स्प्रिंगने रेटलेला. गोटी बसवली की तो छर्रा तिच्या आतल्या खाचेत टच्च बसतो आणि तिला धरून ठेवतो. पस्तीसेक वर्षांनी ती स्प्रिंग थकली होती. फिल्टरच्या डब्याचा शेवटचा बोल्ट आवळून मी रॅचेट वर उचलला, गोटी क्षणभर बोल्टच्या डोक्यावरच टोपीसारखी राहिली, आणि मी ती उचलायला बोट नेलं तेवढ्या धक्क्याने घरंगळली.

नानांनी ऐकलं नव्हतं. यंत्रांच्या आवाजाने त्यांचे कान पूर्वीच गेलेत आणि रविवारी ते कानाचं मशीन वरच ठेवून येतात. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या मांजराकडे होतं.

म्हणजे मी गप्प राहू शकत होतो.

नवी गोटी शंभराच्या आत मिळते. पेटीतला खळगा उद्या संध्याकाळी भरून टाकता आला असता. नव्या गोटीचा मुलामा चकाकला असता एवढंच, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नानांना बारीक फरक तितकेसे दिसत नाहीत. पडलेली गोटी पट्ट्याजवळ किंवा पंख्याजवळ नसेल तर बहुतेक काहीच झालं नसतं. बहुतेक. मी बॉनेटच्या आडोशाला उभा राहून हा हिशेब करत होतो तेव्हा मला चेतक आठवली.

मी नववीत होतो. नानांची बजाज चेतक, निळी. तिचं इंजिन हवेने थंड होतं, पण नुसत्या वाऱ्याने नाही. फ्लायव्हीललाच पंख्याची पाती असतात आणि वर पत्र्याचं आवरण. ती पाती हवा आत ओढून सिलिंडरवर फेकतात. एका दुपारी नाना झोपलेले असताना मी, कुणी सांगितलेलं नसताना, बाजूचा डबा काढून प्लग साफ केला. परत बसवताना एक छोटा नट कुठेतरी गेला. पाच मिनिटं शोधला, सापडला नाही, डबा लावून टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे नाना फर्स्ट शिफ्टला निघाले आणि मायको सर्कलच्या अलीकडे गाडीतून डबा वाजवल्यासारखा आवाज यायला लागला. नट पंख्याच्या आवरणात गेला होता. एक पातं तुटलं. तिथून पुढे त्यांनी चेतक कारखान्यापर्यंत ढकलत नेली, थंडीत. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आवरण उघडलं, नट काढला, पुसला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मला काही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही. आजपर्यंत नाही.

"नाना," मी मोठ्याने म्हटलं, "पडलं."

त्यांनी मांजरावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"कुठून?"

हा प्रश्न मला फार आवडला. त्या दिवशी तासाभरात सोसायटीतल्या निदान सहा जणांनी मला विचारलं, "कशी काय पडली?" 'कशी' विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याला तुमचा वेंधळेपणा तुमच्याच तोंडून ऐकायचा असतो. 'कुठून' विचारणारा शोधायला लागलेला असतो.

टूलरूमचा एक नियम नाना पूर्वी सांगायचे. हातातून काहीही पडलं, अगदी वायसर पडला तरी, ज्याच्या हातून पडलं त्याने मोठ्याने 'पडलं' म्हणायचं. शेजारची मशीनं थांबायची. सापडलं की 'मिळालं' म्हणायचं, मग पुन्हा सुरू. मधल्या वेळात कुणी कुणाला बोलायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला होता की त्यांच्या त्यांच्यात ठरला होता, ते मी कधी विचारलं नाही.

तोवर बी विंगमधले काका दूध घेऊन येताना थांबले. ते ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. ओझरला १९६४ मध्ये मिग विमानं बनवण्यासाठी कारखाना आला आणि निम्म्या नाशिकच्या ओळखीपाळखी तिथे नोकरीला लागल्या. काकांनी पिशवी खाली ठेवली. "आमच्याकडे असतं ना," ते म्हणाले, "तर हे विमान आज उडालंच नसतं." विमानाच्या हत्यारांचा फळा असतो. त्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची आकृती रंगवलेली, तिची सावलीच जणू. काम संपलं की हत्यार आपल्या सावलीवर जाऊन बसतं. एक जरी सावली उघडी राहिली तरी विमान सोडत नाहीत, मग शोध घेण्यात दिवस जावो की रात्र. नानांच्या हिरव्या पेटीतल्या मोकळ्या खळग्याकडे बोट दाखवून काका म्हणाले, "ही बघा तुमची उघडी सावली." आणि दुधाची पिशवी घेऊन गेले. मदत शून्य, पण वातावरण गंभीर करून गेले.

त्याच रात्री मी फोनवर असल्याच गोष्टी वाचत बसलो आणि मला आर्कान्सा सापडलं. अमेरिकेतलं राज्य, डमॅस्कस नावाचं गाव, १८ सप्टेंबर १९८०. जमिनीखालच्या खोल नळकांड्यात टायटन २ जातीचं क्षेपणास्त्र उभं होतं, टोकाला अण्वस्त्र. देखभालीचं काम चाललं होतं आणि एका जवानाच्या हातून गोटी निसटली. आपल्यासारखी पेराएवढी नव्हे, साडेतीन किलोहून जड. सुमारे ८० फूट खाली गेली, आपटून उसळली आणि क्षेपणास्त्राच्या इंधनटाकीला भोक पाडून गेली. इंधन गळत राहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे स्फोट झाला, शेकडो टनांचं झाकण उडालं, एक जवान मेला. अण्वस्त्र उडून बाहेर पडलं, पण फुटलं नाही. हे वाचल्यावर मी उठून पाणी प्यायलो. गोटी पडली म्हणून मान खाली घालणाऱ्या माणसांच्या रांगेत मी बराच मागे होतो, पण रांग तीच होती.

असो. सकाळकडे येऊ.

सल्ले सुरू झाले. एक शेजारी म्हणाला, गाडी सुरू करून रेस दे, थरथरून खाली पडेल. दुसरा म्हणाला, तसं नको, रस्त्यावर एक चक्कर मार, नाशिकचे खड्डे कशासाठी आहेत! हा सल्ला विनोदी वाटतो खरा, पण कित्येक गॅरेजांत याच पद्धतीने काम चालतं. पडलं तर पडलं, रस्त्यात जाईल गळून. गळून गेलंच तर मागून येणाऱ्या स्कूटरच्या चाकाखाली, हे कुणी पुढे बोलत नाही. नाना खुर्चीतून म्हणाले, "मिळाल्याशिवाय किल्ली लावायची नाही." आणि हात पुढे केला. मी गाडीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. ती त्यांनी पायजम्याच्या खिशात टाकली.

माझ्याकडे रेडिओच्या एरियलसारखी लांब होणारी कांडी आहे, टोकाला शेंगदाण्याएवढं चुंबक. मला वाटलं, आता दोन मिनिटांचं काम. ज्यांनी ती कांडी वापरली आहे त्यांना पुढचं माहीत असेल. इंजिनाचा ठोकळा आणि गिअरबॉक्स ॲल्युमिनियमचे, त्यांना चुंबक चिकटत नाही. पण वाटेतला प्रत्येक कंस, प्रत्येक पट्टी, प्रत्येक बोल्ट लोखंडी. कांडी आत सोडली की ती डावीकडच्या पट्टीला मिठी मारते. तिथून उपटली की उजवीकडच्या बोल्टला. लग्नाच्या मांडवातून बाहेर पडणाऱ्या आत्यासारखी तिची गत, चार पावलं झाली की कुणीतरी भेटतंच. अर्धा तास गेला. नाना खाकरले.

"नळीतून घाल."

वायरिंगचा पांढरा पाइप माळ्यावर पडलेला असतो, त्याचा हातभर तुकडा लेकीने आणला. कांडी त्यात घातली, चुंबक तोंडाशी पण किंचित आत. आता बाजूचं लोखंड तिला ओढू शकत नव्हतं, फक्त समोरचं. इतकी साधी गोष्ट. मी हे पाच वर्षं कसं केलं नाही?

पाइप खाली जाताना बघून मला मामाच्या गावचा गळ आठवला. निफाड तालुक्यातलं गाव, मळ्यात विहीर, आणि विहिरीत दर आठवड्याला कुणाची ना कुणाची बादली पडायची. गळ म्हणजे एक लोखंडी कडं आणि त्याला चारी बाजूंनी वाकड्या आकड्या. दोराला बांधून तळाशी फिरवायचा, आकडीत बादलीची कडी अडकेपर्यंत. अख्ख्या वस्तीत गळ एकच होता, एका म्हाताऱ्या आजीकडे. तो मागायला गेलं की ती ओट्यावरून मोठ्याने विचारायची, "कोणाची पडली?" आणि उत्तर नुसतं तिला देऊन चालायचं नाही, तिला कमी ऐकू यायचं म्हणून ओरडून सांगावं लागायचं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला ठाऊक, की अमक्याच्या सुनेच्या हातून बादली सुटली. पण त्याचा उपयोग असा व्हायचा, की चार जण आपणहून दोर घेऊन यायचे. आणि गळाची गंमत म्हणजे तो आपली बादली आधी कधीच देत नाही. पहिल्यांदा वर येते ती कुणाचीतरी जुनी कळशी, शेवाळलेली, पोचलेली. कुणी कधी पाडली आणि कुणाला सांगितली नाही, कोण जाणे.

गोटी मात्र नळीलाही लागेना.

"आवाज कसा आला होता?" नानांनी विचारलं. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून त्यांना माझे कान हवे होते. मी सांगितलं. टण्, मग टुक. "मधे किती वेळ?" मी चुटकी वाजवून दाखवली, मग पुन्हा वाजवली. "टण् म्हणजे पत्रा," नाना म्हणाले. "टुक म्हणजे ओतीव. ओतिवावर बसलीय. आता अकराची काढ."

मला वाटलं त्यांना दहा म्हणायचं आहे. तसं नव्हतं. ११ नंबरची गोटी, म्हणजे हरवलेलीची सख्खी शेजारीण, वजनात जवळजवळ तेवढीच. तिच्या पोटातून गोधडीचा जाड दोरा ओवून गाठ मारायची आणि जिथून पहिली पडली तिथूनच ती सोडायची. जिथे जाईल तिथे पहिलीही गेली असेल. लेक हे ऐकून हरखली. मला मात्र जुनी ओळख पटली. आम्ही गोट्या खेळायचो तेव्हा एखादी गवतात गेली की दुसरी त्याच जागेवरून, त्याच टिचकीने मारायची आणि डोळे तिच्यावर ठेवायचे. दोनदा त्यातून दोन्ही सापडायच्या. तिसऱ्यांदा दोन्ही जायच्या. नानांनी दोरा घातला होता, हा अनुभवाचा फरक.

सोडली. टण्. टुक. दोरा ढिला पडला.

"तेच," मी म्हटलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू!

दोरा बॉनेटच्या कडेशी धरून खूण केली आणि वर ओढला. एक हात चार बोटं. तेवढं माप बाहेरून धरलं तर ते बॅटरीच्या ट्रेखाली, गिअरबॉक्सच्या माथ्यावर येत होतं. त्या ओतकामावर मजबुतीसाठी उभ्याआडव्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये खणांसारखे खड्डे. वरून दिसत नाहीत, कारण वर बॅटरी. म्हणजे बॅटरी काढायला हवी.

बॅटरीची टर्मिनलं १० नंबरची असतात.

नाना हसले. त्यांना असं खळखळून हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी पेटीच्या खालच्या कप्प्याकडे बोट केलं. तिथे १०-११ चा फिक्स पाना होता, काळा पडलेला. आधी निगेटिव्ह सोडायचं, मग पॉझिटिव्ह. निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. एवढं मला माहीत होतं. पण ट्रेचे बोल्ट अडचणीत होते. पाना जेमतेम चार बोटं फिरायचा आणि पुन्हा जागेवर बसेना. मी घामाघूम. नाना खुर्चीतून उठले. पहिल्यांदाच. गाडीला धरून जवळ आले, माझ्या हातातला पाना घेतला, बोल्टवर लावला, फिरवला, काढला, पालथा केला, पुन्हा लावला. बसला. फिक्स पान्याचं तोंड दांड्याशी सरळ नसतं, १५ अंश तिरपं असतं. ते तिरपं का असतं हे मला आजवर कळलं नव्हतं. एकदा सुलटा, एकदा पालथा करत गेलं की अगदी कमी जागेतही बोल्ट फिरत राहतो. नानांनी चार वेळा करून दाखवलं, बोटं थरथरत होती पण पाना एकदाही घसरला नाही. मग पाना माझ्या हातात दिला आणि परत खुर्चीत बसले.

ट्रे निघाला. लेकीने टॉर्च मारला आणि माझ्याआधी तिलाच दिसली.

"मिळालं!" ती ओरडली. तिला नियम कुणी सांगितला होता, देव जाणे.

गोटी खणात आडवी पडली होती, अगदी शांत. सोबत बराच संसार होता. वाळकी पानं, उंदराने आणून फोडलेल्या शेंगांची टरफलं, प्लास्टिकची एक क्लिप, आणि एक बोल्ट. नळीतून चुंबक घातलं तर गळासारखंच झालं. आधी बोल्ट वर आला, गोटी नंतर.

गोटी पुसून खळग्यात ठेवली. नानांनी बोट टेकवून बघितलं, बसली. मी बॅटरी जागेवर चढवायला घेतली.

"थांब," नाना म्हणाले. "हा कुठला?"

बोल्ट त्यांच्या तळहातावर होता. बोटभर लांब, आट्यांमध्ये काळं ग्रीस, गंज नाही. मी पोटात गोळा येऊन गाडीत रिकामं भोक शोधायला लागलो. जास्तीचा बोल्ट हे हरवलेल्या गोटीपेक्षा भयंकर. गोटी नसली तर काम अडतं, पण बोल्ट कुठून तरी सुटलेला असतो. वीस मिनिटं मी टॉर्च घेऊन खाली-वर बघितलं. रिकामं भोक सापडलं नाही.

तोवर नानांनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली होती. पेटीतून १२ ची गोटी काढली, बोल्टच्या डोक्यावर टेकवली. बसेना. मग ती आरशासारखी १३ ची काढली. टच्चकन बसली.

"आपला नाही," ते म्हणाले.

हा उलगडा मला समजायला थोडा वेळ लागला. आठ मिलिमीटरच्या बोल्टला जपानी वळणाच्या गाड्यांत १२ चं डोकं देतात, युरोपीय वळणाच्या गाड्यांत १३ चं. म्हणून मारुतीच्या मेकॅनिकचं १०, १२, १४ वर भागतं, आणि म्हणूनच आमच्या पेटीतली १३ नवीकोरी राहिली. हा बोल्ट आठचा, डोकं तेराचं. म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचा बोल्ट आमच्या गाडीच्या पोटात निवांत बसून होता.

तो तिथे कसा आला, ते शोधणं अवघड नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात बॅटरी बदलून घेतली होती. एकाच वेळी तीन गाड्या उघडलेल्या, दोन पोरं इकडून तिकडे पळणारी, मालक फोनवर. एखाद्याच्या हातात, नाहीतर खिशात, शेजारच्या गाडीचा बोल्ट असणार. आमच्या गाडीवर वाकला आणि पडला. त्यानेही ते 'टुक' ऐकलं असेल. मला त्याचा राग आला नाही. त्याला तिथे 'कुठून' असं विचारणारं कुणी नसावं. 'कशी' विचारणारे असतील, तेही शिवी घालून आणि पगारातून कापून.

बॅटरी बसवली, पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह नंतर. नानांनी खिशातून किल्ली काढून दिली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, नव्या प्लगांनी आवाज जरा मऊ वाटला, किंवा मला वाटायचा होता. रॅचेटच्या छर्ऱ्यावर नानांनी शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला आणि स्प्रिंग बदलायची म्हणाले. ती कुठे मिळेल ते भद्रकालीच्या बाजारात विचारायला हवं.

बोल्ट पेटीत ठेवायला नानांनी नकार दिला. पेटीत त्याला जागा नव्हती. त्यांनी तो पुसला आणि खिशात टाकला. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. चेतकचा नट जिभेवर आला होता. लेक बाजूला उभी होती, ऊन चढलं होतं, लिफ्ट आली. मी खुर्ची उचलली.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना नाना खिडकीशी बसले होते. बोल्ट कठड्यावर उभा ठेवलेला, डोकं खाली. खाली रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या आणि ते एकेक न्याहाळत होते.

"बॅटरी बदलली ना त्या दिवशी," त्यांनी मान न वळवता विचारलं, "तिथे शेजारी कोणती गाडी उभी होती? आठवून बघ."

मी दारात बूट घालता घालता आठवायला लागलो. पांढरी होती. तिचंही बॉनेट उघडं होतं. एवढंच.